आधी मूल, मग कागद

फोन बहुधा संध्याकाळी येतो. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, थोरलीचा गृहपाठ टेबलावर पसरलेला असतो आणि पलीकडून काउंटीची सोशल वर्कर एका दमात सांगत असते : मुलगी, चौदा महिन्यांची, तब्येत बरी दिसते, आज दुपारीच घरातून काढली, सध्या आमच्या ऑफिसात आहे, घेता का? दोन-चार प्रश्न विचारता येतात. त्यातल्या निम्म्यांचं उत्तर 'अजून कळलेलं नाही' असंच मिळतं. हो म्हटलं, की काही तासांत दारात गाडी उभी राहते. बाळासोबत सामानाची एक पिशवी असते. बऱ्याचदा ती कचऱ्यासाठी वापरतात तीच काळी प्लॅस्टिकची पिशवी असते, आणि त्या पिशवीबद्दल अमेरिकेत बरंच लिहूनबोलून झालं असलं तरी ती अजून पुरती गेलेली नाही.

'घरात नवं माणूस' असा यंदाच्या अंकाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांना आधी बारसं आठवलं, मग नवी सून. लॉस एंजेलिस काउंटीतल्या ज्या घरांकडे हा लेख वळला, तिथं या दोन्हींतलं काही नाही. या घरांत थोरलं मूल परदेशातून दत्तक आलं आहे : पुण्याहून, सोलहून, कधी अदिस अबाबाहून. धाकट्यासाठी मात्र आईबापांनी अमेरिकेच्याच फॉस्टर केअरचं, म्हणजे आईबापांपासून काढलेल्या मुलांना तात्पुरतं घर देणाऱ्या सरकारी व्यवस्थेचं, दार ठोठावलं. नावगाव इथं देत नाही, कारण बालन्यायालयाची प्रकरणं गोपनीय असतात. शिवाय पुढं जे येतं ती कुणा एका घराची कहाणी नसून अशा घरांमध्ये साधारणपणे चालणारी रीत आहे.

थोरलीच्या वेळी कागद पुरे झाल्याशिवाय मूल विमानात बसलं नव्हतं. धाकटीच्या वेळी मूल आधी कडेवर येतं आणि कागद मागाहून येतो. तो दत्तकाचाच असेल, अशी हमी कुणी देत नाही. ही उलटापालट आईबापांना जड जातेच. पण घरात एक जण असं असतं, ज्याला ती सर्वांत जड जाते, आणि त्याची कुठल्याही फॉर्मवर सही लागत नाही.

थोरलीची वाट

परदेशी दत्तकाची अमेरिकी परंपरा कोरियन युद्धानंतरची. १९५५ साली ओरेगनमधल्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्यानं कोरियातली आठ मुलं एकदम घरी आणली. त्यांच्या नावाची संस्था पुढं कित्येक देशांत पोचली. पुण्यातही भारतीय समाज सेवा केंद्राशी तिचं जुनं नातं आहे. पुण्याचं नाव या नकाशावर ठळक आहे. ससून रुग्णालयाच्या आश्रयानं चालणाऱ्या श्रीवत्स या बालगृहातून १९७९ साली अवघ्या काही आठवड्यांची एक मुलगी मिशिगनला राहणाऱ्या स्थळेकर दांपत्याच्या घरी गेली. त्यांच्याकडे भारतातूनच दत्तक घेतलेली एक मुलगी आधीपासून होती, ही दुसरी. ती पुढं ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली : लिसा स्थळेकर. तेव्हा दुसरं मूलही त्याच वाटेनं आणता येत होतं.

वाट हळूहळू अरुंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली परदेशी दत्तकाला शिस्त लावली. १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, उभं राहिलं. २००३ साली भारत आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात सामील झाला आणि 'आधी देशात, मग परदेशात' हा क्रम पक्का झाला. आता निरोगी तान्हं बाळ परदेशी दांपत्याच्या वाट्याला सहसा येत नाही, कारण त्याच्यासाठी देशातच लांबलचक रांग आहे. बाहेर जातात ती मुलं वयानं मोठी, भावंडांसोबतची किंवा उपचारांची गरज असलेली. २०२४-२५ मध्ये काराच्या नोंदीनं ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यांतली ४,१५५ देशातच राहिली.

दुसरीकडचे दरवाजे तर धडाधड बंद झाले. ग्वाटेमालातले घोटाळे बाहेर आल्यावर तो दरवाजा मिटला. रशियानं २०१२च्या अखेरीस अमेरिकी पालकांवर कायद्यानंच बंदी घातली. इथिओपियानं २०१८ साली परदेशी दत्तक थांबवलं आणि चीननं २०२४च्या सप्टेंबरात. २००४ साली परदेशातून जवळजवळ २३ हजार मुलं अमेरिकेत दत्तक आली होती. २०२३च्या सरकारी वर्षात ती १,२७५ होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या फॉस्टर केअरमध्ये सुमारे ३ लाख ४३ हजार मुलं होती आणि त्या व्यवस्थेतून पन्नास हजारांवर मुलं दत्तक गेली. हे आकडे शेजारी ठेवले, की थोरली पुण्याची असलेल्या घरात धाकटीचा विचार करताना नजर कुठं वळते ते कळतं.

पैशांचाही भाग आहे, आणि तो कुणी लपवत नाही. परदेशातल्या एका दत्तकाला एजन्सी, वकील, विमान, मुक्काम धरून पंचवीस ते पन्नास हजार डॉलर सहज लागतात. त्यांत कारानं परदेशी पालकांसाठी ठरवलेले पाच हजार डॉलर आलेच. फॉस्टर केअरमधून दत्तक घ्यायला खर्च जवळजवळ नाही. म्हणून काही जण त्याला स्वस्तातली वाट समजून येतात. पहिल्याच वर्गात त्यांचा भ्रम उतरवला जातो.

निरांजनाला रकाना नाही

कॅलिफोर्नियात २०१७पासून फॉस्टर पालक, नातेवाईक आणि दत्तक पालक या सगळ्यांची एकच परीक्षा होते. पास झालेल्यांना 'रिसोर्स फॅमिली' म्हणतात. थोरलीच्या वेळी होमस्टडी, म्हणजे घराची आणि पालकांची तपासणी, दिलेल्यांना वाटतं, हे तर आपण केलंच आहे. काही भाग खरंच तसाच आहे : बोटांचे ठसे, पगाराचे कागद, डॉक्टरचं पत्र, ओळखीच्यांची शिफारस, आणि नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलेले बालपणाबद्दलचे प्रश्न. 'तुमच्या वडलांनी तुम्हाला कधी मारलं का?' या प्रश्नावर कोल्हापुरात नाहीतर परळमध्ये वाढलेला माणूस आधी हसतो. समोरची बाई हसत नाही, लिहून घेते.

मग घर बघतात. औषधं कुलपात, आजीच्या बीपीच्या गोळ्यांसकट. साफसफाईची द्रावणं आणि सुऱ्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी. नळाच्या गरम पाण्याचं तापमान मोजतात. धुराचा गजर वाजवून बघतात. एका खोलीत दोनांहून जास्त मुलं चालत नाहीत. देव्हाऱ्यातल्या निरांजनासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना नाही, पण उघडी ज्योत कुणाच्या हाताला येईल हे विचारायला तपासणीला आलेली बाई विसरत नाही.

कमीत कमी बारा तासांचं प्रशिक्षण होतं, शिवाय प्रथमोपचाराचं वेगळं. इथं या दोन वाटांमधला मोठा फरक समोर येतो. परदेशी दत्तकाच्या वर्गात विषय असतात जोडले जाणं, रंग, मूळ संस्कृती. फॉस्टरच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात, की तुमचं पहिलं काम या मुलाला त्याच्या आईबापांकडे परत जायला मदत करणं. ते जमलं नाही तर, आणि तरच, दत्तकाचा विचार. दोन्ही तयाऱ्या एकाच वेळी चालवायच्या, याला तिथले लोक 'कॉन्करन्ट प्लॅनिंग' म्हणतात. ऐकायला हे रीतसर वाटतं. प्रत्यक्षात एखाद्या बाळाला छातीशी धरून झोपवायचं आणि सकाळी उठून त्याच्या आईची व्यसनमुक्तीची चाचणी चांगली यावी अशी मनापासून इच्छा करायची. ज्यांना ती इच्छा करता येत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं अनुभवी सोशल वर्कर तोंडावर सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

वर्गात हमखास 'इन्स्टंट फॅमिली' या २०१८च्या सिनेमाचा विषय निघतो. दिग्दर्शक शॉन अँडर्सनं स्वतः फॉस्टर केअरमधून तीन भावंडं घेतली होती, त्यातून तो सिनेमा आला. त्यातला पालकांचा मदतगट सगळ्यांना पटतो. शेवट मात्र सगळ्यांच्या वाट्याला तसा येत नाही.

आणखी एक सल्ला दोन्हीकडे मिळतो : नवं मूल थोरल्यापेक्षा लहान असावं. दत्तक आलेल्या मुलानं मोठ्या कष्टानं घरात आपली जागा मिळवलेली असते. ती त्याच्या वरच्या वयाच्या कुणी येऊन घेऊ नये. परदेशी दत्तकात हे ठरवता येतं. फॉस्टरमध्ये संध्याकाळच्या फोनवर ठरवावं लागतं.

टेकडीवरचं कोर्ट

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला मॉन्टेरे पार्कमध्ये एडलमन चिल्ड्रन्स कोर्ट आहे. १९९२ साली उघडलेली ही इमारत मुलांसाठीच म्हणून बांधली. सकाळी तिथल्या प्रतीक्षागृहात बाबागाड्या, उसन्या सुटात अवघडलेले बाप, फायलींचा गठ्ठा घेऊन नाव पुकारत फिरणारे वकील, आणि कोपऱ्यात एकमेकांकडे न बघता बसलेली एकाच मुलाची दोन कुटुंबं. आईला वकील असतो, बापाला वेगळा, काउंटीचा असतो, आणि मुलालाही स्वतःचा वकील असतो, मग ते मूल अकरा महिन्यांचं का असेना. नसतो तो फॉस्टर पालकांना. ते या खटल्यात पक्षकारच नाहीत. जेव्ही-२९० नावाचा एक फॉर्म भरून मूल कसं आहे, झोपतं कसं, दात किती आले, हे न्यायाधीशांना कळवता येतं. बराच काळ सांभाळ झाला असेल तर 'डी फॅक्टो पेरेंट' म्हणून बोलण्याची परवानगी मागता येते. एवढंच.

घड्याळ मात्र चालू असतं. मूल काढून घेताना तीन वर्षांखालचं असेल, तर आईबापांना सावरायला साधारण सहा महिन्यांची मदत मिळते. मोठ्या मुलांच्या बाबतीत बारा. प्रगती दिसली तर ती अठरा महिन्यांपर्यंत, क्वचित चोवीसपर्यंत ताणते. दर सहा महिन्यांनी सुनावणी. १९९७च्या केंद्रीय कायद्यानं एक रेघ आखून दिली : मागच्या बावीस महिन्यांतले पंधरा महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद सोडता सरकारनं आईबापांचे हक्क संपवण्याची मागणी करावी. त्याआधी मुलं वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत राहायची. रेघ आली आणि फिरणं कमी झालं. पण व्यसनातून बाहेर यायला माणसाला लागणारा वेळ कॅलेंडर बघून ठरत नाही. गरीब, काळ्या, मूळ निवासी आयांच्या बाबतीत ही रेघ फार लवकर येते, असं म्हणणारे लोक कमी नाहीत. बहुतेक मुलं मारहाणीपायी नाही, दुर्लक्षापायी काढलेली असतात, आणि दुर्लक्ष व गरिबी यांच्यातली हद्द सगळ्यांना सारखी दिसत नाही.

मध्येच कुठून तरी मावशी उगवते. मूल काढल्यापासून तीस दिवसांत नातेवाइकांना शोधून कळवायचं, हा केंद्रीय नियम आहे आणि घर देताना नात्याला पहिला मान आहे. कधी नात्यातलं कुणी आठ महिन्यांनी सापडतं, टेक्सासहून येतं, आणि बाळ तिकडं जातं. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ओहायोत फॉस्टर केअरमध्ये असलेल्या सिमोनला आणि तिच्या धाकट्या बहिणीला टेक्सासच्या आजोबांनी आणि त्यांच्या पत्नीनं नेलं व २००३ साली रीतसर दत्तक घेतलं. थोरली दोन भावंडं आजोबांच्या बहिणीकडे गेली. जगाला ही सुखाची गोष्ट वाटते आणि ती आहेच. पण अशा प्रत्येक गोष्टीत कुठंतरी एक फॉस्टर घर असतं, जिथला पाळणा त्या दिवशी रिकामा होतो.

मूल मूळ निवासी जमातीचं निघालं तर १९७८चा वेगळा कायदा लागू होतो : आधी कुटुंब, मग जमात, मग दुसरी जमात. टेक्सासच्या ब्रेकीन दांपत्यानं नवाहो जमातीचं फॉस्टर मूल दत्तक घेताना या कायद्यालाच आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. एकेकाळी जमातींची मुलं ओढून नेऊन बोर्डिंग शाळांत घातल्याचा इतिहास त्या कायद्यामागे आहे. बाकीच्या मुलांच्या बाबतीत नियम नेमका उलटा : १९९४ आणि १९९६च्या कायद्यांनुसार वंश जुळत नाही म्हणून मुलाला घर द्यायला उशीर करता येत नाही. त्यामुळे मराठी घरात येणारं लॉस एंजेलिसचं बाळ बहुधा लॅटिनो असतं, आणि त्याची आई भेटीच्या खोलीत त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलते.

शनिवारची भेट

थोरलीची जन्मदाती कोण, हे घरात कुणालाच माहीत नाही. काराच्या बालअभ्यास अहवालात दोन ओळी असतात, कधी एक. त्या ओळींभोवती आईबापांनी जपून एक गोष्ट रचलेली असते : तुझ्या आईला तुला सांभाळता येत नव्हतं, तिनं तुला सुखरूप जागी ठेवलं. ती गोष्ट सुंदर असते आणि पडताळून बघायची सोय नसते.

धाकटीची आई मात्र दर आठवड्याला भेटते. काउंटीच्या ऑफिसातल्या खोलीत, नाहीतर मॅकडॉनल्ड्समध्ये, शेजारी देखरेखीला माणूस बसलेला. ती उशिरा येते, कधी येतच नाही, कधी बाळाला फुगा आणि महागडे बूट आणते. रडते. बाळाला नेणारी-आणणारी फॉस्टर आई दाराशी तिला डायपरची पिशवी देते आणि दोघी दुधाच्या बाटलीबद्दल बोलतात. दोघींमध्ये तिसरी उभी असते, आठ वर्षांची, कारण शनिवारी शाळा नसते आणि तिला घरी एकटं ठेवता येत नाही.

ती बघत असते. आई नावाचं माणूस चुकतं, रडतं, तरी येतं, हे ती पहिल्यांदा पाहते. गाडीत प्रश्न सुरू होतात. माझी आई का नाही येत? तिला कुणी वेळ दिला होता का? तिला वकील होता का? या प्रश्नांना घरातली जुनी गोष्ट पुरत नाही. आईबापांना या घटकेची तयारी कुणी करून दिलेली नसते, कारण परदेशी दत्तकाच्या वर्गात फॉस्टर केअर नव्हतं आणि फॉस्टरच्या वर्गात थोरली नव्हती. या लेखाच्या मते सगळ्या व्यवस्थेतली मोठी उणीव इथंच आहे. दोन खाती आहेत, दोन फायली आहेत आणि दोन्ही मुलं एकाच घरात आहेत.

मग बाळ जातं. कधी आईकडे, कधी मावशीकडे. निघायच्या आधी काही दिवस मिळतात, कधी तेवढेही नाहीत. आईबाप रडतात, कर्तव्य झालं म्हणतात. थोरली रडत नाही. ती आपल्या वस्तू बॅगेत भरून ठेवते, नाहीतर रात्री उठून आईबाप जागेवर आहेत ना ते बघते. तिच्या हिशेबात सरळ आहे : बाळ इथं राहत होतं, न्यायाधीशांनी नेलं; मीही इथं राहते. तिनं एकदा सगळं गमावलेलं आहे, संस्थेतल्या मावशींसकट, आणि आठवत नसलं तरी अंगाला ते माहीत असतं.

संस्थेत गेलेल्या पहिल्या वर्षांचा परिणाम किती खोल असतो, यावर बुखारेस्टमध्ये २०००पासून मोठा अभ्यास झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकून फॉस्टर घरांत पाठवलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं माणसांशी जोडून घेण्यात पुढं दिसली. पुण्याच्या मुलीच्या घरात हे कळलेलं उपयोगाचं असतं, कारण तिची भीती हट्ट म्हणून झटकली जात नाही.

अनुभवी थेरपिस्ट अशा वेळी एक साधी गोष्ट करायला सांगतात. थोरलीचे कागद काढा. पुण्यातला दत्तकाचा आदेश, व्हिसाचा शिक्का, अमेरिकी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. २०००च्या बालनागरिकत्व कायद्यामुळे दत्तक पूर्ण करून आलेलं मूल विमानतळावर शिक्का पडताच नागरिक होतं. ते कागद टेबलावर पसरा आणि तिला बोट ठेवून दाखवा : हे झालेलं आहे, हे कुणी बदलू शकत नाही. बाळाचे असे कागद अजून नव्हते. मोठ्यांना हे कोरडं वाटतं. आठ वर्षांच्या मुलीला बहुतेक वेळा तेच हवं असतं. सोशल वर्कर मुलांना 'लाइफबुक' करायला लावतात, त्यात फोटो, तिकिटं, नावं चिकटवायची. निघून गेलेल्या बाळाचं एक पानही थोरलीच्या वहीत राहतं, आणि दुसरा फोन आला तर घ्यायचा का, हे तिला विचारलं जातं. निर्णय तिच्यावर टाकत नाहीत. पण विचारतात.

'सरकार मुलं नेतं'

परदेशस्थ भारतीयांत फॉस्टर केअर हा शब्द काढला तर पहिली प्रतिक्रिया भीतीची असते. नॉर्वेतल्या बंगाली दांपत्याची मुलं तिथल्या यंत्रणेनं नेल्याचं प्रकरण, त्यावरचा २०२३चा राणी मुखर्जीचा सिनेमा, जर्मनीत अडकलेल्या गुजराती मुलीसाठी चाललेली धडपड. घरोघरी चर्चा होते ती याचीच. आपल्या मुलांना नेणारी यंत्रणा तीच, मग तिच्याकडून मूल घ्यायचं कसं? शेरिन मॅथ्यूजच्या मृत्यूनं हे आणखी गुंतागुंतीचं केलं. बिहारमधून २०१६ साली दत्तक गेलेली ती तीन वर्षांची मुलगी ऑक्टोबर २०१७मध्ये टेक्सासच्या रिचर्डसनमध्ये मारली गेली. दत्तक पिता आज जन्मठेप भोगतो आहे. त्या वेळी घरातल्या दुसऱ्या मुलीला टेक्सासच्या यंत्रणेनं काढून फॉस्टर केअरमध्ये ठेवलं होतं, आणि ते बरंच झालं. भारतानं त्यानंतर परदेशी दत्तकाचे नियम आणि मागाहूनच्या तपासण्या कडक केल्या.

फोनवरून पुण्या-नाशिकचे नातेवाईक वेगळंच बोलतात. थोरलीच्या वेळी 'निदान आपल्याकडचं तरी आहे' म्हणून समाधान मानणारेच आता 'तिथल्या व्यसनी बाईचं' म्हणतात. थोरलीचा मूळ बाप कोण होता, याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. एकीला 'वाचवली' म्हणायचं आणि दुसरीला 'ओढवून घेतली', हा भेद मुलांच्या कानावर जातो. आईबाप मग दिवाळीचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत नाहीत. कारण विचारलं तर नियमाचं देतात, आणि नियम आहेही : फॉस्टर मुलाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. देशाबाहेर न्यायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून आजीला भेटायची उन्हाळ्याची वारी पुढं ढकलली जाते. मुलाचा धर्म त्याचाच. त्याला चर्चला जायचं असेल तर नेऊन सोडावं लागतं, आणि तिकडे जाऊन आल्यावर आरतीत टाळ्या वाजवायला ते स्वखुशीनं येतं ते वेगळं.

महाराष्ट्रात फॉस्टर केअर अगदीच अनोळखी आहे असं नाही. आता सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालणारी बालसंगोपन योजना मुलामागे महिना २,२५० रुपये देते. पण बहुतेक ठिकाणी ते मूल आपल्याच एकट्या आईजवळ किंवा आजीजवळ असतं. परक्या घरानं परकं मूल काही काळ सांभाळायचं, ही रीत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. केंद्राच्या २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही फॉस्टर पालक होता येईल आणि दोन वर्षांच्या सांभाळानंतर दत्तक घेता येईल असं म्हटलं. आधी हाच काळ पाच वर्षांचा होता. लॉस एंजेलिसमध्ये ज्या प्रश्नांना ही घरं रोज भिडतात, ते उद्या पिंपरी-चिंचवडमध्येही उभे राहू शकतात.

शेवटचा कागद

काही घरांत ते बाळ जात नाही. आई दोनदा सावरते, दोनदा पडते, नात्यातलं कुणी पुढं येत नाही, न्यायाधीश मदतीची मुदत संपवतात. मग आईबापांचे हक्क संपवायची सुनावणी, त्यावर अपील, त्या अपिलाचा निकाल. या काळात घर कसं चालतं ते विचारू नये. शेवटी दत्तकाचा आदेश होतो. बऱ्याच न्यायालयांत तो नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, 'राष्ट्रीय दत्तक दिना'ला सामुदायिक समारंभात होतो. सुनावणी काही मिनिटांची असते. मुलाला टेडी मिळतो, नव्या आईबापांच्या नावाचा जन्मदाखला पुढं टपालानं येतो. कॅलिफोर्नियात जन्मदात्या आईशी पुढच्या संपर्काचा करार करता येतो : वर्षातून दोन पत्रं, वाढदिवसाला फोटो, एखादी भेट. तो न्यायालयात बंधनकारक असतो, पण तो मोडला म्हणून दत्तक रद्द होत नाही. थोरलीला त्या करारात स्वतःला हवं असलेलं दिसतं, म्हणून तोही कागद तिला वाचून दाखवायचा की नाही, यावर आईबापांचं एकमत होत नाही.

याच सुमाराला मदतगटात जुने पालक नव्यांना हटकून सांगतात : एएपीच्या करारावर आदेशाच्या आधी सही करा, नंतर केलीत तर गेली. एएपी म्हणजे दत्तक सहाय्य. फॉस्टर केअरमधून दत्तक घेतलेल्या मुलासाठी दरमहा रक्कम मिळते आणि त्याचं आजारपण, त्यातच मानसोपचार, मेडी-कॅल या कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य विम्यावर चालतं, साधारण अठराव्या वर्षापर्यंत. करसवलतही पूर्ण मिळते : २०२५ साठी १७,२८० डॉलरपर्यंत, आणि विशेष गरजेच्या मुलासाठी प्रत्यक्ष खर्च झाला नसला तरी.

परदेशातून आलेल्या मुलांना हे सहाय्य केंद्रीय कायद्यानंच मिळत नाही. कायदा करणाऱ्यांचा तर्क समजतो : तो पैसा देशातल्या मुलांना घर मिळावं म्हणून आहे, आणि परदेशातून मूल आणणाऱ्यांना खर्च परवडतो. तर्क घराच्या आत मात्र असा दिसतो, की एकाच दवाखान्यात एकाच थेरपिस्टकडे दोन बहिणी आळीपाळीनं जातात. धाकटीच्या तासाला दारात मेडी-कॅलचं कार्ड दाखवलं की काम होतं. थोरलीच्या तासाला आई ऑफिसच्या विम्याचं कार्ड काढते, डिडक्टिबल अजून पुरं झालं नाही हे ऐकते, आणि उरलेली रक्कम क्रेडिट कार्डावर भरून पुढच्या गुरुवारची वेळ घेते.